शक्तिमानचं तेल

वंगण हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बैलगाडीपाशी. चाक कुरकुरायला लागलं की आजोबा एरंडेलात चिंधी भिजवून आखाला चोळायचे. घरात भाजीला तेल असो नसो, आखाला मिळायचंच. "बैलाला बोलता येत नाही, म्हून चाक बोलतंय," असं म्हणायचे. मोठेपणी मी यंत्राच्या नादाला लागलो आणि हे साफ विसरलो, त्याची ही हकिकत.

आमचा देवगाव फाटा म्हणजे जालना-मंठा-जिंतूर रस्त्यावरून सेलूला वळायची जागा. सेलूला निजामाच्या काळापासून रेल्वे. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतला कापूस सेलूला जायचा. १९७२ पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा तर दिवाळीनंतर गाड्यांची रांगच रांग. पण खेड्यातून फाट्यापर्यंत येणं हेच खरं संकट होतं. आमची माती काळी. चार थेंब पडले की पायाला शेरभर चिकटते आणि साधा ट्रक जागेवर चाकं फिरवत बसतो.

म्हणून मामांनी १९८४ साली शक्तिमान घेतला. पुण्याकडं लष्कराच्या लिलावात अशा गाड्या निघायच्या. पैसे दोन घरांचे होते, आणि अर्धे शेतावर उचललेले. मी मॅट्रिक होऊन घरीच होतो, तर आधी किन्नर झालो आणि वर्षभरात ड्रायव्हर.

या गाडीचा इतिहास थोडा सांगतो. जर्मनीच्या मॅन कंपनीचा परवाना घेऊन १९५९ च्या सुमारास जबलपूरच्या सरकारी कारखान्यात शक्तिमान बनायला लागला. १९६५ आणि १९७१ च्या दोन्ही लढायांत फौजेचं सामान त्यानं वाहिलं. चारही चाकांना ताकद, त्यामुळं वाळू असो की चिखल, गाडी निघायचीच. आमच्या गाडीचा हिरवा रंग मामांनी लाल करून घेतला होता, पण दाराच्या कडेला खरवडलं की आतून हिरवा दिसायचा. पावसाळ्यात कुणाचा ट्रॅक्टर नाल्यात बसला की रात्री-अपरात्री लोक आम्हालाच उठवायचे.

आता अशा गाडीत गिअरचं तेल एका ठिकाणी नसतं. गिअरबॉक्स वेगळा. ताकद पुढं-मागं वाटून देणारा ट्रान्सफर केस वेगळा. शिवाय पुढच्या आखात एक डिफरन्शियल आणि मागच्या आखात एक. ड्रायव्हर लोक त्याला हौसिंग म्हणतात. तेलाची चार पोटं, आणि चौघांची भूक सारखी नाही. मला हे माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तेल बदलायचं होतं. मी शहरात एका दुकानात गेलो. दुकानदारानं दोन डबे ठेवले. दोन्हींवर ९० नंबर. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, पाच म्हणजे चारच्या पुढचं, भारी. आता दहावी शिकलेल्या माणसाला चारपेक्षा पाच मोठे हे कोण शिकवणार? भारीतलं घेतलं आणि चारही ठिकाणी तेच भरलं. मामा खूश. मीही खूश.

शिमग्याच्या आधी गिअरबॉक्स बोलायला लागला. आधी बारीक गुणगुण, मग दुसऱ्या गिअरला खरखर. मी रेडिओ मोठा केला. खोटं कशाला सांगू. आठ दिवसांत गाडी कापूस भरलेली असताना मंठा रोडला उभी राहिली. दुसऱ्याच्या ट्रकात कापूस भरून द्यावा लागला आणि त्याचं भाडं आम्ही भरलं.

फाट्यावर एक उस्ताद होते. फौजेत ईएमईच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी खालचा नट काढून तेल पांढऱ्या थाळीत घेतलं आणि उन्हात धरलं. तेलात सोन्यासारखी चमक. लोहचुंबक फिरवलं, तर चमक काही चिकटेना.

"लोखंड असतं तर चिकटलं असतं. हे पितळ आहे पोरा. तुझे बुश गेले."

आमच्या आधी कुणी तरी त्या बॉक्सात गनमेटलचे बुश बसवून घेतले होते. उघडल्यावर ते काळे पडलेले आणि झिजून ढिले झालेले दिसले. उस्तादांनी जुन्या आर्मेचरची तांब्याची तार घासून लख्ख केली. एका वाटीत माझं भारी तेल, दुसरीत साधं, आणि दोन्हींत तारेचा तुकडा टाकून वाट्या चुलीच्या निखाऱ्याकडेला ठेवल्या. चहा-बिड्या झाल्या. माझ्या वाटीतली तार काळी निघाली, दुसरीतली जवळजवळ होती तशी. तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा तांब्याची घासलेली पट्टी गरम तेलात ठेवून घेतात, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं.

दोष तेलाचा नव्हता. काही गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबून घसरतात. तिथं साधं तेल पिळून बाहेर निघतं. म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची औषधं घालतात. ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दात वाचवतात. एके काळी या कामाला गंधक घातलेलं व्हेल माशाचं तेलसुद्धा वापरायचे! जीएल-५ मध्ये हे औषध जीएल-४ च्या साधारण दुप्पट. पोलादाला ते पथ्यकर, पण गरम झाल्यावर त्यातलं गंधक पितळ-तांब्याला खातं. नव्या धाटणीच्या बॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून पितळी कड्या असतात, त्यांनाही ते जास्त निसरडं पडतं. कडीनं धरायला पाहिजे तिथं ती घसरते.

नंबराचं तर आणखीच. ९० म्हणजे इंजिनच्या ४० नंबरच्या दुपटीहून दाट असं मी समजत होतो. उस्ताद हसले. मापाच्या पट्ट्याच वेगळ्या. गिअरचं ९० हे इंजिनच्या ५० च्या आसपास दाट. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन ट्रकांच्या पुस्तकात सुद्धा बर्फ पडण्याइतकी थंडी नसेल तर ९०, त्याखाली ८०, असंच दिलेलं असे. आमच्याकडं बर्फ कुठला! तरी पुष्कळ जण आवाज दाबायला १४० भरत. हिवाळ्याच्या पहाटे मग गिअर पडायचा नाही, आणि झीज तेवढीच व्हायची. फक्त ऐकू यायची नाही.

बैलजोडीतला एक बैल विकून आम्ही बुश करून घेतले. मामांनी मला शब्दानंही बोल लावला नाही. त्या उन्हाळ्यात नांगरटीला शेजाऱ्याचा बैल मागायला मात्र ते स्वतः गेले, मला पाठवलं नाही. ते मला जास्त लागलं.

पुढं सात वर्षं मी उस्तादांनी सांगितलं तसंच केलं. आधी बॉक्सात काय धातू आहे ते विचारायचं, मग डबा उचलायचा. गाडीचं पुस्तक असेल तर पुस्तकातलं. पितळ असेल किंवा शंका असेल तर साधं ९० किंवा जीएल-४, आणि कडक तेल फक्त हौसिंगला, तेही तिथं मागितलं असेल तर. गाडी सपाट जागी उभी करून तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच भरायचं; जास्त झालं की फेस होतो आणि सील फोडून ब्रेकवर येतं. नाल्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी तेल बघायचं. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलं, सगळं काढून टाकायचं. तेल काढल्यावर थाळी आणि लोहचुंबक. हे मी अजून ट्रॅक्टरला करतो. पोरं हसतात.

शक्तिमान १९९३ मध्ये भंगारात गेला. गिअरबॉक्स शेवटपर्यंत चालला, चेसीच फाटली.

त्या दिवशी काढलेलं चमकीचं तेल आईनं फेकू दिलं नव्हतं. पैसे दिलेत त्याचे, म्हणाली, आणि गोठ्याच्या लाकडी खांबांना बुडापासून हातभर फासलं. गोठा दोनदा शाकारला, पत्रे बदलले, पण खांब तेच आहेत. वाळवी लागलेली नाही.