काचेच्या पेटीतला समुद्र

तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला गेले, की गळ्यात कवड्यांची माळ घातलेला आराधी हमखास भेटतो. त्या माळेतली कवडी आली कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कवडी हे एका समुद्री गोगलगायीचे कवच आहे, आणि ही गोगलगाय उष्ण समुद्रात, बहुधा पोवळ्यांच्या खडकांच्या आश्रयाने राहते. आपल्या धाराशिव जिल्ह्याला किनारा नाही. पण समुद्राची खूण आपल्या देव्हाऱ्यापर्यंत कधीचीच येऊन पोहोचली आहे.

तेर गावचेच पाहा ना. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तगराचे नाव आहे. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई, असे तो ग्रंथ सांगतो. आणि त्याच बंदरात बाहेरून उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळेही आहे. पण ते पोवळे निर्जीव. जिवंत पोवळे समुद्रापासून दूर, घरात जगवायला माणसाला त्यानंतर अठराशे वर्षे लागली. ही हकीकत मुख्यतः दोन वस्तूंची आहे : पाणी आणि उजेड. आज तीच आपल्यापुढे मांडणार आहे.

1846 साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही पोवळी लंडनला नेली. ती काचेच्या भांड्यात ठेवली. पण पाणी साचून राहिले तर प्राणी गुदमरणार. मग त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत बसे. हवा पाण्यात मिसळावी, एवढाच हेतू. पुढच्या वर्षी बाईंनी समुद्रशेवाळही त्यात ठेवले आणि काम हलके झाले. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातले मासे, गोगलगायी आणि वनस्पती एकत्र ठेवून हा तोल प्रयोगाने दाखवला. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले.

आता दुसरी अडचण आली. काचेतून चहूकडून ऊन आत शिरे, पाणी हिरवेगार होई आणि मासे दिसेनासे होत. विल्यम लॉइड या गृहस्थाने यावर तोड काढली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली उघडलेल्या मत्स्यालयात त्याने पेट्यांच्या खाली मोठा अंधारा हौद ठेवला. पाणी सतत हौदातून पेटीत आणि पेटीतून हौदात फिरे. अंधारात शेवाळ वाढत नाही, म्हणून पाणी निवळ राही. माशांचे भागले. पण उष्ण समुद्रातल्या, खडक बांधणाऱ्या पोवळ्यांचे काय? ती काही केल्या टिकत नसत.

याचे कारण फार उशिरा कळले. या पोवळ्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा शैवालांचा अभ्यास 1881 च्या सुमारास मांडला. पण हे भाडेकरू घरमालकाला खाऊ घालतात की काय, याविषयी वाद बरीच वर्षे चालला. 1969 साली किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने हे सिद्ध झाले, की शैवालाने उन्हात तयार केलेले अन्न पोवळ्याला मिळते. म्हणजे उजेड हेच त्याचे धान्य! ॲनाबाईंची पोवळी थंड समुद्रातली, शैवालाशिवाय राहणारी. म्हणून ती खोलीतल्या उजेडात जगली.

पाण्याचेही असेच कोडे होते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते, आणि मासे मरतात. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की याने अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे काढून दाखवले. हे जीवाणू खडकावर आणि वाळूत राहतात. नवी पेटी भरल्यावर त्यांची वस्ती व्हायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर ज्याला नाही, त्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये.

ही दोन्ही सूत्रे एकत्र बांधली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. समुद्रातले जिवंत दगड, भरपूर ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर आपण पोवळी जगवतो, असे त्यांनी 1961 साली प्रसिद्ध केले. पुढे युरोपात प्रखर दिवे आले आणि आता एलईडी आले.

आपल्या राज्यात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर उघडले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. आपल्याकडच्या कित्येकांनी मुंबई पाहायला गेल्यावर समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. 2015 साली ते नव्याने सजवले गेले. 2020 च्या साथीत त्याचे दरवाजे बंद झाले.

आता कुणी विचारील, धाराशिवात अशी पेटी ठेवता येईल का? हिशेब मांडू. दोनशे लिटर पाण्याला लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात सात किलो समुद्री मीठ लागते. आपल्या बोअरचे पाणी क्षाराचे. म्हणून ते आरओ यंत्रातून गाळून घ्यावे लागते. आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे वीस लिटर पाणी बदलायचे, तर घरगुती यंत्रातून आणखी चाळीस ते साठ लिटर बाहेर पडते. खेड्यात माणशी रोजचे पाणी 55 लिटर धरतात. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाहून अधिक पाणी झाले! उन्हाळ्यात पेटी पंचवीस-सव्वीस अंशांवर थंड ठेवायची, आणि वीज गेली की पंप बंद. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. ज्याला हौस आहे त्याने मासे पाळावेत; पण वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला तरी वापरावे.

पोवळ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना 2001 सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; ती आपल्या समुद्रातून उचलून आणणे गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. तिथे 1987 साली सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा 'आंग्रिया बँक' हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे. तिथेही पोवळी आहेत. समुद्र थोडा जास्त तापला, की पोवळे आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पेटीतले पाणी आपण यंत्राने थंड करू. मालवणचे कोण करणार?

पावणेदोनशे वर्षांच्या खटपटीने माणसाला दोनशे लिटरचा समुद्र कसाबसा सांभाळता आला, आणि तोही पंपाच्या व दिव्याच्या जिवावर. पुढच्या वेळी तुळजापुरात कवड्यांची माळ दिसली, तर श्रोतेहो, ती ज्या खडकांतून आली त्यांची एकदा आठवण करावी, इतकीच विनंती.