खाजकुयली, सर्पगंधा आणि लुंडचे ससे

पार्किन्सनच्या आजारावरच्या गोळीची कुळकथा बहुतेक जण लंडनपासून सुरू करतात, कारण जेम्स पार्किन्सनने १८१७ साली तिथे या कंपाचं वर्णन छापलं. मी ती पालीपासून सुरू करणार आहे. बल्लाळेश्वराची नव्हे, रत्नागिरीची पाली. हातखंब्याच्या पुढे, जिथून एक रस्ता लांज्याकडे आणि दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाटाकडे जातो, ती.

पाऊस ओसरला की या भागातल्या कुंपणांवर खाजकुयलीचे वेल दिसतात. आधी जांभळे घोस, मग सोनेरी लवेच्या वाकड्या शेंगा. लव अंगाला लागली तर काय होतं ते कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. अठराव्या शतकात इंग्रज वैद्य हीच लव पाकात कालवून जंतांवर देत. हिंदीतल्या केवाँचचं त्यांनी ‘काउहेज’ करून टाकलं. त्यांचा सगळा जीव त्या लवेत होता. शेंगेतल्या बीमध्ये मात्र वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतो, आणि लेव्होडोपा हेच आज पार्किन्सनचं मुख्य औषध आहे. बाझलच्या गुगेनहाइमने तो १९१३ साली बाकल्यातून वेगळा काढला, स्वतः अडीच ग्रॅम खाल्ला आणि ओकला. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो खाजकुयलीच्या बियांतून मिळवला. पण तो कशावर द्यायचा हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं दुसऱ्याच एका वनस्पतीमुळे, आणि मला थक्क करणारा दुवा तो हाच. सर्पगंधाही सह्याद्रीच्या दमट सावलीतली. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्या मुळीबद्दल लिहिलं होतं, पण बाहेर फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. ते वाचून बोस्टनच्या विल्किन्सने मुळी वापरायला घेतली. १९५२ मध्ये सीबा कंपनीने तिच्यातून रिसर्पीन काढलं आणि ते जगभर गेलं. मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं की रिसर्पीन घेणारे काही रुग्ण पार्किन्सन झाल्यासारखे ताठरतात, त्यांचे हात कापतात.

स्वीडनमध्ये लुंडच्या आर्विड कार्लसनने सशांना रिसर्पीन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. त्यांना डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप) टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. म्हणजे सर्पगंधेच्या द्रव्याने पाडलेला प्राणी खाजकुयलीतल्या द्रव्याने उठला! हा शोधनिबंध १९५७चा. डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला तोही १९५७ मध्येच.

सीबाचे रसायनज्ञ वकिलांवाचूनही रिसर्पीनपर्यंत पोचले असते, असा आक्षेप घेता येईल. पोचले असतीलही. पण द्रव्य बाटलीत असणं वेगळं आणि हजारो रुग्णांच्या पोटात जाणं वेगळं. ती दारं वकिलांच्या लेखाने उघडली, असं माझं ठाम मत आहे.

पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत. व्हिएन्नाच्या हॉर्निकिएविचने १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन घटल्याचं दाखवलं, १९६७ मध्ये कोत्झियासने मोठ्या मात्रेचा डोपा यशस्वी केला, २०००मध्ये कार्लसनला नोबेल मिळालं. मेंदूच्या तळाशी कृष्णद्रव्य नावाचा भाग आहे. या आजारात तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या गाठी साचतात. रक्तातून मेंदूत डोपामिनला शिरता येत नाही, लेव्होडोपाला येतं. आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

आता दुसरा पक्ष. हे सारं आयुर्वेदाला आधीच ठाऊक होतं, असं अनेकदा सांगितलं जातं. माधवनिदानात सर्वांगाच्या आणि डोक्याच्या कंपाला वेपथु म्हटलंय, हे खरं. माषबलादि काढ्यात खाजकुयली आहे, हेही खरं. पण तो काढा पक्षाघात आणि आखडलेल्या मानेसाठी. चरकात ती मुख्यतः वाजीकरणासाठी येते. कंप आणि ही बी यांची थेट सांगड मला आधुनिक वाटते. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी भारतात तिचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, १९९५ मध्ये झंडूच्या एचपी-२०० चूर्णाचा ६० रुग्णांवरचा अभ्यास आला. प्राचीनांनी वातव्याधीत ही बी वापरली, एवढं श्रेय त्यांना पुरेसं आहे. डोपामिनचं श्रेय त्यांच्या नावावर चढवू नये.

बी गुणकारी आहे यात शंका नाही. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक टिकला. पण २०१८च्या एका अभ्यासात १४ पैकी सात जणांनी चूर्ण मध्येच सोडलं, कोणी पोट बिघडलं म्हणून, कोणी हालचाल खालावली म्हणून. गुगेनहाइमलाही पोटानेच दगा दिला होता. गोळीत त्यासाठी कार्बिडोपा घालतात, बीमध्ये ते नसतं. शिवाय दर वेलाच्या बीत लेव्होडोपा सारखा नसतो.

म्हणून पालीकरांना विनंती. घरात कोणाचा हात कापू लागला, पाऊल अडखळू लागलं, तर कुंपणावरच्या शेंगा कुटू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा, आणि आधीपासून चूर्ण चालू असेल तर ते त्यांना सांगा. मरणाऱ्या पेशी वाचवणारं औषध मात्र अजून ना गोळीत आहे, ना बीत.