सहाला सहा मिनिटे कमी

दर ऑगस्टमध्ये शाळेतून कागदांचा गठ्ठा घरी येतो. भूकंप झाल्यास मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे लिहून द्यायचा त्यात एक फॉर्म असतो. आपण तो जेवणाच्या टेबलावर घाईघाईने भरून टाकतो. पण आपल्या कॅलिफोर्नियात या काळजीला बराच जुना इतिहास आहे.

१० मार्च १९३३, शुक्रवार. संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीच हादरले. सुमारे १२० माणसे दगावली. ७० शाळा उद्ध्वस्त झाल्या. भिंती विटांच्या, विटा धरून ठेवणारा चुना निकृष्ट आणि आत लोखंडी सळईचा पत्ता नाही! शाळा दुपारीच सुटल्या होत्या म्हणून वर्ग रिकामे होते. तीच धरणी तीन-चार तास आधी हलली असती तर?

मुलांना शाळेत पाठवायची सक्ती सरकारची. मग डोक्यावरच्या छपराची जबाबदारी कोणाची? महिन्याभरातच, १० एप्रिलला, विधानसभा सदस्य चार्ल्स फील्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी शाळांचे नकाशे राज्याने तपासायचे, बांधकामावर सतत निरीक्षक ठेवायचा आणि आर्किटेक्टपासून कंत्राटदारापर्यंत सर्वांनी काम नकाशाबरहुकूम झाल्याचे शपथेवर लिहून द्यायचे. हे शपथेचे कलम मला विशेष वाटते. आपल्याकडे बिल्डरने असे लिहून दिल्याचे कोणी ऐकले आहे का?

गोम एवढीच, की कायदा नव्या इमारतींना होता. पैशांअभावी कित्येक जुन्या शाळा १९७० च्या दशकापर्यंत तशाच भरत राहिल्या. १९७१ चा सॅन फर्नांडोचा भूकंप सकाळी ६ वाजता झाला, १९८९ चा लोमा प्रिएटाचा संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी, १९९४ चा नॉर्थरिजचा पहाटे साडेचारला. लाँग बीच धरून चार वेळा घड्याळानेच मुलांना सांभाळले.

पालकांना कायद्याने जागा मिळाली ती पुढे, १९९० च्या दशकात. पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत मुलांच्या शाळेसाठी वर्षाला ४० तासांपर्यंत रजेचा हक्क मिळाला. ती घेतली म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला सुरक्षा आराखडा सक्तीचा झाला. तो करणाऱ्या समितीत पालक असतात, दरवर्षी १ मार्चपर्यंत त्याची फेरतपासणी होते आणि मंजुरीआधी शाळेत जाहीर सभा घ्यावी लागते.

आमच्या शाळेच्या अशाच एका सभेला मी गेलो होतो. खुर्च्या तीस, माणसे सहा. भूकंपानंतर मुलांना जमवायची जागा नकाशावर दाखवली होती. नातवाला आणायला रोज जाणारे आपल्यातलेच एक आजोबा उठले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तिथे वरून विजेच्या तारा जातात." मुख्याध्यापिकेने नकाशा पुन्हा पाहिला. जागा बदलली.