ब्लॅकबेरीचें कुलशील

ब्लॅकबेरी हें नांव आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जॅमच्या बरणीवरून किंवा इंग्रजी कादंबऱ्यांतून परिचित असतें; परंतु तें फळ म्हणजे आपली काळी तुती नव्हे. तुतीचें फळ अनेक फुलांच्या घोसापासून बनतें. ब्लॅकबेरी एकाच फुलांतील अनेक स्त्रीकेसरांपासून होते. हें काटेरी झुडूप गुलाबाच्या कुळांतलें व रासबेरीचें जवळचें भावंड होय.

शतकानुशतकें युरोपांतील लोक हीं फळें कुंपणांतून वेंचून खात आले. बागेंत त्यांची पद्धतशीर लागवड मुख्यत्वें एकोणिसाव्या शतकांत, अमेरिकेंत, बळावली; आणि तेव्हां झाडाचें शील प्रथम ध्यानांत घ्यावें लागलें. बुडखा अनेक वर्षें जगतो. पण त्यापासून उठणाऱ्या प्रत्येक छडीचें आयुष्य दोनच वर्षांचें. पहिल्या वर्षीं ती केवळ पानांनीं वाढते. हिवाळा सोसल्यावर दुसऱ्या वर्षीं फुलते, फळते आणि मरते. तोंवर शेजारीं नव्या छड्या उठलेल्या असतात. त्या निष्फळ समजून जो माळी छाटील, तो पुढील सालचें पीकच छाटील. शिवाय लवलेल्या छडीचें टोंक भूमीस टेकलें कीं तेथें मुळें फुटून नवें झुडूप उभें राहतें.

शील असें नित्य पाहण्यानें कळलें. कूळ मात्र सहजीं उकललें नाहीं. १८८१ सालीं कॅलिफोर्नियांतील सांताक्रूझ येथें न्यायाधीश जेम्स हार्वे लोगन हे ब्लॅकबेरीच्या दोन जातींचा संकर करूं पाहत होते. जवळच लावलेल्या रासबेरीचा पराग मध्यें आला, आणि तांबड्या फळाची लोगनबेरी जन्मास आली. हा योगायोग सुखाचा ठरला. दुसरा तसा ठरला नाहीं. १८८५ सालीं ल्यूथर बरबँक यांनीं हिंदुस्थानांतून आलेल्या बियांपासून एक जोमदार जात वाढवून तीस ‘हिमालया जायंट’ हें नांव दिलें. वस्तुतः तिचें मूळ घर आर्मेनिया व उत्तर इराण हें होय. पक्ष्यांनीं तिच्या बिया दूरवर नेल्या, टेंकलेल्या टोंकांनीं मुळें धरलीं, आणि ऑरेगन व वॉशिंग्टन संस्थानांतील नदीकांठ काटेरी जाळीनें व्यापून तेथील मूळच्या वनस्पती कोंडल्या गेल्या. ज्या जोमाची बागेंत वाहवा झाली, तोच रानांत उपद्रव ठरला.

पुढें शील व कूळ यांचें ज्ञान एकत्र आलें. अर्कान्सा विद्यापीठानें २००४ सालीं पहिल्याच वर्षाच्या छडीवर फळणाऱ्या ‘प्राइम-जिम’ व ‘प्राइम-जॅन’ या जाती प्रसृत केल्या. निसर्गाचा दोन वर्षांचा नियम संकराच्या मार्गानें वांकविला गेला.

अमेरिकेंतून शोभेसाठीं आलेल्या घाणेरीनें सह्याद्रीच्या उतारांवर काय केलें, हें वाचक पाहतच आहेत. परदेशचें रोप अंगणांत लावतांना त्याच्या फळाची गोडी जितक्या आवडीनें विचारावी, तितक्याच दक्षतेनें तें कोठून आलें व कसें पसरतें हेंही विचारावें, असें आम्हांस वाटतें.