तीन तिघाडा, पण काम बिघाडा नाही : स्ट्रिंग ट्रिओ म्हणजे नेमकं काय आणि तो इतका अवघड का?

'तीन तिघाडा, काम बिघाडा' असं आपल्याकडे म्हणतात. युरोपातल्या बऱ्याच मोठ्या संगीतकारांचं मतही तसंच असावं, असं त्यांच्या रचनांची यादी बघून वाटतं. चार वाद्यांसाठी त्यांनी ढिगाने लिहिलं. तीन वाद्यांसाठी लिहायची वेळ आली की बहुतेकांनी हात आखडता घेतला. ज्यांनी लिहिलं, त्यांच्या रचना मात्र आजही वाजवल्या जातात आणि त्यातल्या काहींच्या मागे जगण्या-मरण्याच्या गोष्टी आहेत.

या प्रकाराला म्हणतात स्ट्रिंग ट्रिओ. बघूया भानगड काय आहे ते.

स्ट्रिंग ट्रिओ म्हणजे काय?

व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो ही गजाने वाजवायची तीन तंतुवाद्यं आणि तीन वादक म्हणजे स्ट्रिंग ट्रिओ. त्या तिघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही हेच नाव आहे.

व्हायोलिन आपल्याला माहीत आहे. व्हायोला दिसायला तसाच, पण थोडा मोठा आणि आवाजाने खालच्या पट्टीतला. चेलो त्याहून बराच मोठा. तो खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. त्याच्या तारा व्हायोलाच्या तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात.

हा चेंबर म्युझिकचा एक प्रकार. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नाही, तर दिवाणखान्यात मोजक्या लोकांसमोर वाजवायचं संगीत. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखं वातावरण. फरक इतकाच की इथे स्वर आधीच कागदावर लिहिलेले असतात. पुढे उभा राहून हात हलवणारा कंडक्टर नसतो. वादकांनी एकमेकांकडे बघून, एकमेकांचं ऐकून सगळं सांभाळायचं.

एक गल्लत टाळा. पियानो ट्रिओ वेगळा. त्यात पियानो, व्हायोलिन आणि चेलो असतात.

चौघांपेक्षा तिघांचं अवघड का?

चौघांचा संच म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. त्यात व्हायोलिन दोन असतात. म्हणजे ट्रिओमध्ये फक्त एक व्हायोलिन कमी. पण त्या एकाने खूप फरक पडतो.

पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात. हार्मोनियमवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की जो भरलेला आवाज येतो, त्याला कॉर्ड म्हणतात. साधी कॉर्ड तीन स्वरांची असते. क्वार्टेटमध्ये तिघं कॉर्ड धरतात आणि चौथा मोकळेपणाने सुरावट वाजवतो. ट्रिओमध्ये असा चौथा गडी नाही. सुरावट, मधला भराव आणि खालचा आधार, सगळं तिघांनीच भागवायचं. एक जण थांबला की उरले दोनच, आणि आवाज लगेच विरळ होतो.

म्हणून संगीतकार एकाच वादकाला एकाच वेळी दोन तारांवर गज फिरवायला लावतात. कधी व्हायोला खालचा आधार देतो आणि चेलो वर चढून गातो. एकही वादक बाकीच्यांच्या मागे लपू शकत नाही. जरा बेसूर झालं तरी ऐकू येतं.

आकडेच बघा. मोझार्टचे क्वार्टेट २३, आणि या तीन वाद्यांसाठी पूर्ण केलेली मोठी मूळ रचना फक्त एक. बीथोव्हनचे क्वार्टेट १६, ट्रिओ ५. तेही सगळे तरुणपणातले.

मोझार्टचं उधारीचं वर्ष

१९६१ च्या 'छाया' सिनेमातलं तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं ते प्रसिद्ध द्वंद्वगीत आठवतं? सलील चौधरींनी त्याची चाल मोझार्टच्या ४० व्या सिंफनीवरून घेतली होती. ती सिंफनी पूर्ण झाली जुलै १७८८ मध्ये, व्हिएन्नात. त्याच उन्हाळ्यात मोझार्टने एकूण तीन सिंफनी लिहिल्या.

हे सगळं चाललं होतं तेव्हा घरात पैशांची ओढाताण होती. जूनच्या अखेरीस त्याची सहा महिन्यांची मुलगी गेली. मिखाएल पुखबर्ग नावाच्या व्यापारी मित्राला तो पैसे मागणारी पत्रं पाठवत होता. पुखबर्ग वेळोवेळी मदत करत राहिला. २७ सप्टेंबर १७८८ ला मोझार्टने एक ट्रिओ पूर्ण केला, तो याच पुखबर्गसाठी.

रचनेचं नाव 'डिव्हर्टिमेंटो', म्हणजे करमणुकीचं हलकंफुलकं संगीत. प्रत्यक्षात ती सहा भागांची, पाऊण तासाची भारदस्त रचना आहे. मोझार्टच्या यादीत तिचा क्रमांक के. ५६३. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनमध्ये ती वाजवली गेली, तेव्हा व्हायोला खुद्द मोझार्टने वाजवला.

बीथोव्हनने या प्रकाराकडे सराव म्हणून नाही, तर गंभीरपणे पाहिलं. त्याचे ओपस ९ चे तीन ट्रिओ १७९८ मध्ये छापले गेले. अर्पणपत्रिकेत त्याने स्वतःच त्यांना आपलं सर्वोत्तम काम म्हटलं होतं. त्यानंतर तो क्वार्टेटकडे वळला आणि ट्रिओकडे परत आला नाही.

हृदय थांबलं, मग ट्रिओ लिहिला

आता थेट १९४६, लॉस एंजेलिस. अर्नोल्ड शॉनबर्ग हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यावर तो १९३३ मध्ये अमेरिकेत गेला होता. २ ऑगस्ट १९४६ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी थेट हृदयात इंजेक्शन दिलं आणि तो वाचला.

२० ऑगस्टला त्याने ट्रिओ लिहायला घेतला आणि २३ सप्टेंबरला संपवला. त्या आजारपणाचा सगळा अनुभव या संगीतात आहे, असं त्याने कादंबरीकार थॉमस मान यांना सांगितलं होतं. म्हणूनच ते कानाला गोड वगैरे लागत नाही. गजाच्या लाकडाने तारांवर मारलेले ठोके, घोडीजवळ गज घासून काढलेला काचेसारखा आवाज आणि मधूनच येणारे शांत सूर, असं ते सुमारे २० मिनिटं चालतं.

नऊ दिवस

तिसरी गोष्ट सगळ्यात छोटी आहे. गिदेऑन क्लाइन हा चेकोस्लोव्हाकियातला ज्यू पियानोवादक, जन्म १९१९. नाझींनी डिसेंबर १९४१ मध्ये त्याला तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तिथे कैद्यांनी संगीत, नाटक आणि मुलांचे वर्ग चालू ठेवले होते. क्लाइन त्यात पुढे होता.

७ ऑक्टोबर १९४४ ला त्याने स्ट्रिंग ट्रिओ पूर्ण केला. त्याचा मधला, सगळ्यात मोठा भाग मोराविया या त्याच्या जन्मप्रांतातल्या एका लोकगीतावर बेतलेला आहे. नऊ दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्याला आउशवित्झच्या गाडीत बसवलं. तिथून कोळशाच्या खाणीतल्या श्रमछावणीत. जानेवारी १९४५ मध्ये तो गेला, तेव्हा वय होतं २५.

त्याची हस्तलिखितं तेरेझिनमध्ये राहिली आणि युद्धानंतर बहीण एलिश्का हिच्या हाती आली. ती स्वतः आउशवित्झमधून वाचली होती. भावाचं संगीत लोकांपर्यंत पोचावं यासाठी ती पुढे आयुष्यभर झटली. हा ट्रिओ आज जगभर वाजवला जातो.

ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून?

थेट शॉनबर्गपासून नको. ओळखीची वाट हवी असेल तर बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' घ्या. मूळ रचना एकट्या हार्प्सिकॉर्डसाठी आहे. १९८० च्या दशकात व्हायोलिनवादक दिमित्री सित्कोवेत्स्की यांनी ती ट्रिओसाठी बसवली. बाखची तीन पदरी वीण तीन वाद्यांवर सुटी सुटी ऐकू येते.

मग मोझार्टचा के. ५६३. आधी फक्त व्हायोलिन ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष चेलोकडे ठेवा. तिसऱ्यांदा मधला व्हायोला शोधा, तो सापडला की ट्रिओ कळायला लागतो. ग्रुमिओ ट्रिओ आणि ट्रिओ झिमरमन या दोन संचांची रेकॉर्डिंग्ज चांगली आहेत.

त्यानंतर क्लाइन. जेमतेम १२-१३ मिनिटांचं काम आहे. हेडफोन लावा, फोन बाजूला ठेवा आणि मधला भाग संपेपर्यंत उठू नका.