एअर कॉम्प्रेसर : टाकीतलं पाणी रोज काढा, वेल्डिंग मारलेली टाकी वापरू नका

टेंभुर्णी (वार्ताहर) : उसाचा हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत कॉम्प्रेसरचा आवाज चालू असतो. ट्रॉलीचं टायर, ट्रकचं टायर, ट्रॅक्टरचा एअर फिल्टर, रंगकाम, सगळं हवेवर चालतं. आता तर शेतकऱ्यांच्या शेडमध्येही छोटा कॉम्प्रेसर दिसतो. बटण दाबलं की सुरू, भरला की आपोआप बंद. मशीन साधं आहे, म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आमचंही नव्हतं. मागच्या पावसाळ्यात शेडमधल्या कॉम्प्रेसरखाली फरशी ओली दिसली. वाकून बघितलं तर टाकीच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून हवेबरोबर तांबडं पाणी येत होतं. टाकी सेकंड हँड घेतलेली, घेताना वरून रंग नवा कोरा. वेल्डर म्हणाला, "भाऊ, एक टाका मारतो, दोनशे रुपये द्या." मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी थांबवलं. सगळी हवा सोडायला लावली आणि भोकाशेजारी हातोडीच्या टोकाने हलकेच ठोकलं. टोक सरळ आत गेलं. वीतभर पत्रा पापडासारखा झाला होता. ती टाकी भंगारात गेली. वेल्डिंग मारून चालवली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब पुढे दिला आहे.

टाकीवर किती भार असतो?

कॉम्प्रेसरचा काटा 8 किलोवर असतो तेव्हा टाकीच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 8 किलोचा जोर असतो. टाकीचा गोल झाकणासारखा भाग 40 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 1250 चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे त्या एका बाजूवर 10,000 किलो, दहा टन. एका ट्रकभर उसाचं वजन. टाकी फाटते तेव्हा हा सगळा जोर एका क्षणात सुटतो. पत्रा गोळीसारखा उडतो आणि शेडची भिंतही तग धरत नाही.

(दुकानात दोन मापं चालतात. 1 किलो म्हणजे साधारण 14 पाउंड. 8 किलो म्हणजे 114 पाउंडाच्या आसपास.)

पाणी येतं कुठून?

बाहेरच्या हवेत बाष्प असतंच. हवा दाबली की ती गरम होते आणि टाकीत जाऊन थंड झाली की तिच्यातलं पाणी बुडाला साचतं. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, पण साचतं रोज. म्हणून टाकी नेहमी खालून आणि आतून गंजते. बाहेरचा रंग बघून टाकीची तब्येत कळत नाही.

उपाय फुकटातला आहे. रोज काम संपल्यावर मेन स्विच बंद करा, टाकीतला दाब उतरवून थोडा ठेवा आणि बुडाचा ड्रेन कॉक हळू उघडा. तोंड बाजूला ठेवा. पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत थांबा. दोन मिनिटांचं काम आहे. कॉक हाताला येत नसेल तर तिथून छोटा लोखंडी पाइप बाहेर काढून घ्या. ज्याला वाकावं लागतं तो रोज काढत नाही, हा अनुभव आहे. पाणी रोज तांबडं येत असेल तर आत गंज धरला आहे असं समजा.

भोक पडलं तर टाकी बदला

भोक पडलं म्हणजे तेवढीच जागा खराब झाली असं नसतं. आजूबाजूचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंग मारलं की उष्णतेने तो आणखी कमजोर होतो. एम-सील, रबर पट्टी, स्क्रू हे तर नकोच.

जुनी टाकी घ्यायचीच असेल तर आधी हायड्रो टेस्ट करून घ्या. यात टाकी पूर्ण पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी स्फोट होत नाही, नुसती गळते. हीच तपासणी हवा भरून करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. टाकीवरची कंपनीची पाटी, तिच्यावरचा कमाल दाब आणि साल वाचता येतं का तेही बघा. पाटी खरवडलेली असेल तर सौदा सोडा.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच

टाकी ठरलेल्या दाबाला भरली की प्रेशर स्विच मोटार बंद करतो. उदाहरणार्थ 8 किलोला बंद आणि 6 किलोला परत सुरू. हा स्विच अडकला तर मोटार चालूच राहते आणि दाब वाढत जातो. तेव्हा फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह वाचवतो. तो आपोआप उघडून जादा हवा सोडतो.

काही ठिकाणी हा व्हॉल्व्ह फुसफुसतो म्हणून आवळून टाकतात किंवा काढून तिथे बोल्ट मारतात. असं कधीही करू नका. आठवड्यातून एकदा टाकीत थोडी हवा असताना त्याची रिंग ओढून बघा. हवा सुटली पाहिजे आणि रिंग सोडल्यावर बंद झाली पाहिजे. नाही झालं तर व्हॉल्व्ह बदला. काटा शून्यावर येत नसेल किंवा एकाच जागी अडकला असेल तर तोही बदला.

लाइट गेली तर काय करायचं?

आपल्याकडे थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी रात्री. कॉम्प्रेसर चालू असताना लाइट गेली की बहुतेक जण तसंच सोडून जातात. यात दोन धोके आहेत. एक, कुणी पट्ट्याजवळ हात घातलेला असताना लाइट आली तर मशीन आपोआप सुरू होतं. दोन, मोटार नेहमीप्रमाणे बंद होते तेव्हा प्रेशर स्विच हेडमधली हवा 'फुस' करून सोडतो, पण लाइट गेल्यावर ती हवा अडकून राहते. परत लाइट आली की मोटार भरल्या दाबावर उठायला बघते, नुसती घुमते आणि जळते.

म्हणून लाइट गेली की लगेच प्रेशर स्विचचं बटण हाताने बंद करा. अडकलेली हवा सुटल्याचा आवाज येईल. सिंगल फेज मोटार असेल आणि व्होल्टेज 200 च्या खाली असेल तर सुरू करू नका. अर्थिंग नीट असू द्या. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवू नका. दुरुस्तीआधी मेन स्विच बंद, पिन बाहेर आणि टाकी रिकामी, हे तिन्ही करा.

पाइप आणि टायर

शेतात उरलेला पीव्हीसी पाइप हवेच्या लाइनला जोडलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यावर 6 किलो किंवा 10 किलो लिहिलेलं असतं, पण ते पाण्यासाठी. हवेने फुटला तर त्याच्या काचेसारख्या कपच्या उडतात. लोखंडी पाइप किंवा हवेसाठीचा रबरी होजच वापरा. होजला तारेचा आवळा नको, क्लॅम्प लावा. सुटलेला होज सापासारखा फटके मारतो.

ट्रॉली आणि जुन्या ट्रकच्या रिंगवाल्या चाकांत हवा भरताना कधीही चाकासमोर उभं राहू नका. लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती उडून डोक्यात बसते. चाकाला साखळी गुंडाळा किंवा पिंजऱ्यात ठेवा, लांब होज लावा आणि बाजूला उभे राहा. रिंग बसवायला हवा भरलेल्या चाकावर हातोडी मारू नका. टाकीत 8 किलो आहे म्हणून टायरमध्ये अंदाजाने हवा सोडू नका, गेज लावूनच भरा.

हवा अंगावर मारू नका

संध्याकाळी कपड्यांवरची धूळ हवेने झटकायची सवय सगळ्यांना आहे. ती सोडा. धुळीचा कण डोळ्यात घुसतो, कानाचा पडदा फाटू शकतो, जखमेतून हवा कातडीखाली शिरते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात साफसफाईची हवा 30 पाउंडाच्या खाली ठेवावी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 100 पाउंडाची हवा थेट अंगावर मारतात. फिल्टर साफ करताना दाब कमी करा, आतून बाहेर हवा मारा आणि गॉगल लावा.

गमतीत दुसऱ्याच्या अंगात हवा सोडण्याचे प्रकार तर जीव घेतात. आतडं फाटून मृत्यू झाल्याच्या आणि गंमत करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत. दुकानात कामाला असलेल्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा. असं काही घडलं तर बाहेरून जखम दिसत नसली तरी 108 ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या.

देखभालीचं वेळापत्रक

- रोज : टाकीतलं पाणी काढणे, ऑईलची पातळी काचेतून बघणे.
- आठवड्याला : सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढणे, एअर फिल्टर झटकणे. धुळीच्या दिवसांत फिल्टर दोनदा.
- महिन्याला : पट्टा बघणे (अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा), बोल्ट आवळणे, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती शोधणे.
- ऑईल : पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे बदलणे. कॉम्प्रेसरचंच ऑईल घाला. इंजिन ऑईलने व्हॉल्व्हवर काजळी धरते.
- वर्षाला : टाकीचं बूड जाणकाराकडून तपासून घेणे, जुनी असेल तर हायड्रो टेस्ट.

आणखी एक सोपी युक्ती. रिकामी टाकी पूर्ण भरायला किती मिनिटं लागतात ते मशीन चांगलं असताना भिंतीवर लिहून ठेवा. पुढे वेळ वाढायला लागला की गळती आहे, फिल्टर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह-रिंग गेल्या, असं समजा.

मोठ्या कारखान्यांवर दाबाच्या यंत्रांची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याने, कलम 31 ने टाकली. पण दोन माणसांचं पंक्चरचं दुकान किंवा शेतातलं शेड कारखान्यात मोजलं जात नाही. तिथे कुणी साहेब टाकी तपासायला येत नाही. मालकानेच स्वतःचा साहेब व्हायचं आहे. आज संध्याकाळी घरी जाण्याआधी एकदा ड्रेन कॉक उघडून बघा. किती पाणी निघतं आणि कोणत्या रंगाचं, त्यावरून तुमच्या टाकीची हालत कळेल.