पावसाच्या आधीचा चैत्र

घड्याळ काढून ठेवा. साल 1631, चैत्राचा शुद्ध पक्ष, आणि तुम्ही देहूहून भंडारा डोंगराकडे निघाला आहात. धुळीचा चटका तळव्यांना बसतो आहे. गुलमोहर शोधू नका. मादागास्करचं ते झाड इथे यायला अजून दोनएकशे वर्षं आहेत. घाणेरीची झुडपंही नाहीत.

गेल्या साली पावसानं पाठ फिरवली. गुजरातेपासून दख्खनपर्यंत माणसं देशोधडीला लागली. वाटेवरच्या बैलाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या आहेत. उंबराखाली एक बाई पडलेली उंबरं पदरात वेचते आहे. तुमच्या झोळीत भाकरी असेल तर आधी तिच्या हातावर ठेवा. इथे नुसतं बघे म्हणून फिरणं शोभायचं नाही.

आता चढा. पळसाचा बहर सरत आलाय, वाटेवर केशरी पाकळ्यांचा सडा आहे. सावरीची बोंडं तडकून कापूस उडू लागलाय. करवंदीच्या जाळीजवळ थांबा आणि पोटभर श्वास घ्या. एवढ्याशा पांढऱ्या फुलांचा वास अख्ख्या उतारावर पसरलेला असतो. कुठूनतरी तांबट पक्ष्याचं टुक्‌-टुक्‌ चालू आहे. आणि वळणावर तो कुसुंब! शेंड्यापासून खालपर्यंत लालभडक, आणि तो लाल रंग फुलांचा नाही, पानांचा आहे.

या झाडापाशी बसा. ओढा कोरडा, विहिरींनी तळ गाठलेला, मृग अजून दोन महिने लांब. अशा वेळी ह्यानं पालवी फोडली! थंडी सरताना जुनी पानं गाळली, पानांवाटे जाणारं पाणी वाचवलं, खोल गेलेल्या मुळांनी जमिनीत मुरलेला ओलावा खोडात भरून घेतला. दिवस मोठा होऊ लागला, तेवढी खूण पुरली. पालवीतला लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतो. मृगाची पहिली सर येईल तेव्हा पानं हिरवी होऊन तयार असतील, म्हणून पावसाचा एक दिवसही फुकट जाणार नाही. सह्याद्रीतला वसंत असा ऐन टंचाईतला आहे. भरल्या विहिरीच्या काठावर आभार मानणं सोपं आहे. ह्या झाडानं शिल्लक होती ती ओल पाऊस दिसण्याआधीच पानांत घातली. मला श्रद्धेचा याहून खरा पुरावा ठाऊक नाही.

वर, कोरीव लेण्यांपाशी, एक तरुण वाणी बसलेला आहे. इथल्या याच चैत्रात तो दिसेल असं कुठे लिहिलेलं नाही, पण दुष्काळानं होरपळलेले तुकोबा एकांतासाठी याच डोंगरावर येत, हे देहूची परंपरा सांगते. हाक मारू नका. दुष्काळात त्यांची पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. हे दुःख त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. पुढे झाडंवेलींना आणि रानातल्या पाखरांना नातलग मानणारा त्यांचा शब्द आळंदी-पंढरीच्या वाटेवर लाखो मुखांतून गायला जाईल. हा शब्द सुखवस्तू माणसाच्या फुरसतीतून आलेला नाही. उपाशी वर्षाच्या आठवणीतून आलाय, म्हणून तो मला पटतो.

थोड्या वेळानं खालून तुकोबांची दुसरी बायको जिजाई येताना दिसतील. धन्याच्या पोटात काही पडावं म्हणून त्या भाकरी घेऊन हा चढ चढत असत, अशी आठवण देहूकर सांगतात. त्यांना वाट द्या. त्यांच्या तोंडी विठ्ठलाविषयी तक्रार असेल, आणि ती रास्त आहे. घर चालवायचं त्यांच्याच अंगावर आहे.

उतरल्यावर थेट परतू नका, इंद्रायणीकाठी या. तुकोबांच्या घराण्याची सावकारी होती. कुळांनी लिहून दिलेले रोखे अजून घरात आहेत. ते वसूल केले तर चूल पेटेल. तुकोबा त्यांचे दोन वाटे करतात. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हवाली करतात, कारण त्यावर आपला हक्क नाही. आपल्या वाट्याचे रोखे ते इंद्रायणीत सोडतात.